आजचं चिंतन : शंका आली म्हणजे श्रद्धा गेली का?

गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४०



आज थोडं स्वतःबद्दल सांगतो.

बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून रोज विष्णुसहस्रनाम म्हणायचो. बाबा काही घरी आले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर पोथी उघडली, तर ओठ हलेनात. "कोणी ऐकतंय का खरंच?" हा प्रश्न मनात येऊन बसला तो हलायलाच तयार नाही.

खरं सांगू? त्या प्रश्नापेक्षा मला भीती वाटली ती चौथ्या अध्यायाची. तिथे (४.४०) भगवंत स्पष्ट सांगतात की संशयी माणसाचा नाश होतो, त्याला ना हा लोक, ना परलोक, ना सुख. ज्ञानेश्वरीतही माउलींनी संशयाला फार कडक शब्द वापरलेत. म्हणजे मी संपलोच की! मग मी गप्प राहिलो. आईसमोर पूजेला बसायचो, घंटा वाजवायचो, आत मात्र सगळं कोरडं.

बऱ्याच महिन्यांनी पुन्हा गीता वाचायला घेतली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चौथ्या अध्यायाच्या शेवटी भगवंत अर्जुनाला सांगतात, ज्ञानाच्या तलवारीने हा संशय छेदून टाक आणि ऊठ. अर्जुन उठतो का? नाही! पाचव्या अध्यायाचा पहिलाच श्लोक म्हणजे त्याचा पुढचा प्रश्न. सहाव्यात तर तो म्हणतो, मन आवरणं म्हणजे वारा धरून ठेवण्यासारखं आहे. आणि मग आजचे श्लोक येतात.

अर्जुन विचारतो, ज्याच्याकडे श्रद्धा आहे पण प्रयत्न कमी पडले, ज्याचं मन मधेच ढळलं, त्याचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो का? आणि पुढे सरळ म्हणतो, कृष्णा, हा माझा संशय आहे, तूच तो पूर्णपणे छेदून टाक. तुझ्याशिवाय हे दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

बघा, शब्द तेच आहेत. संशय आणि छेदणं. चौथ्या अध्यायात देवाने सांगितलं, "तू छेद." सहाव्यात अर्जुन म्हणतो, "मला जमत नाहीये, तूच छेद."

यावर भगवंत रागावतात का? "दोन अध्यायांपूर्वीच सांगितलं ना?" असं म्हणतात का? नाही. ते त्याला 'तात' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. आणि धीर देतात की चांगलं करणाऱ्या कोणाचीही दुर्गती होत नाही. पुढे असंही सांगतात की केलेली साधना वाया जात नाही. पुढच्या जन्मी तिथूनच पुढे सुरू होते.

मग चौथ्या अध्यायातला संशयी कोण? तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. ज्याला माहीत नाही, ज्याची श्रद्धा नाही आणि ज्याच्या मनात संशय भरलाय, असा माणूस. मला वाटतं, तो विचारायलाच जात नाही. त्याच अध्यायात (४.३४) ज्ञान मिळवायचं तर नम्र होऊन प्रश्न विचार, सेवा कर, असं सांगितलंय. अर्जुनाकडे शंका आहे, पण तो ती घेऊन कृष्णासमोरच बसलाय. मी उलटं केलं होतं. शंका लपवून देवासमोर बसलो होतो.

एका संध्याकाळी आई वाती वळत होती, तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावणार. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "मलाही राग येतो रे त्याचा. रोज दिवा लावताना सांगते त्याला."

मी इतके महिने तिच्या शेजारी बसत होतो, आणि मला हे माहीतच नव्हतं.

बाबा का गेले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आजच्या श्लोकांतही ते नाही. पण माझा संशय गेला, असं अर्जुन म्हणतो ते थेट अठराव्या अध्यायात (१८.७३). तोपर्यंत तो विचारत राहतो आणि भगवंत बोलत राहतात. मी अजून मधल्याच कुठल्यातरी अध्यायात आहे, एवढंच.

आजची साधना : तुमची एक खरी शंका, जी कोणालाच सांगितली नाही, ती कागदावर लिहा. "असं विचारू नये" म्हणून गुळगुळीत करू नका. देवासमोर बसून ती मोठ्याने वाचा. मग ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एका जाणत्या माणसाला विचारा. आणि रोजचं वाचन, जप जेवढं जमेल तेवढं चालू ठेवा. कोरडं वाटलं तरी.

राम कृष्ण हरी! उद्या भेटूच.