डबी उघडण्याआधी

बाळ, तुझ्या हातात आता बालेवाडीच्या रेंजवरची एअर रायफल आहे. गावाला दादाच्या नावावर आजोबांची बारा बोर झाली आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. दोघांनी मला एकच विचारलंत, "मामा, चांगलं तेल कोणतं?" फौजेत आर्मरर म्हणून उभी हयात कोतात, म्हणजे शस्त्रागारात गेली, म्हणून सांगतो. असं एक तेल नसतं. आधी हत्याराचा वैरी कोण ते बघायचं: पाणी, मीठ, धूळ, थंडी की धातूवर घासणारा धातू. वैरी कळला की डबी आपोआप ठरते. आणि डबीच्या आधी हत्यार रिकामं आहे का ते डोळ्यानं बघायचं, मग बोटानं चाचपायचं. रोज, प्रत्येक वेळी, दुसऱ्यानं "रिकामी आहे" म्हटलं तरीसुद्धा.

पहिल्यांदा तुझी एअर रायफल. तिच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारच्या आसपास दाबाची हवा भरलेली असते. तिथे साधं खनिज तेल, म्हणजे शिलाई मशिनचं किंवा बंदुकीचं, थेंबभरही जाऊ द्यायचं नाही. दाबलेली हवा तापते आणि तेलाची वाफ पेटते. डिझेल इंजिन चालतं त्याच तत्त्वावर. सील जळतात, कधी त्याहून वाईट घडतं. तिथल्या रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीसच, तेही बोटाला चिकटेल इतकंच. पण तेच सिलिकॉन ट्रिगरच्या पोलादी भागांना लावू नको. धातूवर धातू जोरानं घासतो तिथे सिलिकॉनचा थर टिकत नाही. ट्रिगरला तर तू हातच लावू नको, ते काम कारागिराचं.

उद्या तू पॉइंट टू टूवर जाशील. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते त्याच रायफलीच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. पॉइंट टू टूच्या काडतुसाची शिशाची गोळी कारखान्यातूनच मेण किंवा ग्रीस लावून येते. वंगण गोळीबरोबरच नळीत शिरतं आणि तिथे त्याचा पातळ थर बसतो. म्हणून ती नळी सारखी खरवडायची नसते. साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे लागतात, थर बसला की एका जागी येतात. त्या गोळ्या स्पर्धेच्या हिशेबात धरायच्या नाहीत, त्यांची तयारी आधी ठेवायची.

आता एक गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत असे. ठेवताना नळीत तेल हवं, झाडताना नको. पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, कोरडी चिंदी लावून नळी आणि चेंबर दोन्ही पुसायचे, मगच काडतूस भरायचं. नळीत तेल साचलं तर गोळीपुढे अडथळा होतो आणि दाब वाढतो. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाच्या पितळेची भिंतीवरची पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ली एनफील्ड रायफली कारखान्यात तपासताना मुद्दाम तेल लावलेलं काडतूस झाडत, बोल्टला जास्तीत जास्त ताण द्यायचा म्हणून. कारखान्यात जी परीक्षा असते ती रोजची सवय करायची नाही.

दादाची बारा बोर म्हणजे कोकणातली बंदूक, तिचा वैरी खारी हवा आणि पावसाळा. तिला वंगण कमी आणि गंजरोधक जास्त लागतं. नळीच्या काळ्या मुलाम्यावर घामाच्या बोटांचे ठसे राहिले तर दोन-चार दिवसांत तिथे तांबूस डाग दिसतो. म्हणून हाताळली की पुसायची आणि गंजरोधक तेलाचा बोट फिरवल्याइतका थर द्यायचा. कातड्याच्या किंवा कापडाच्या खोळीत घालून पावसाळाभर ठेवायची नाही. खोळ ओल धरते आणि गंज आतून चढतो. नळी उघडते तिथल्या बिजागरीच्या खिळीला तेल नको, ग्रीस हवं. जिथे भाग जोरानं सरकतो, भार घेतो, तिथे ग्रीस. जिथे बारीक पिन फिरते तिथे तेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गॅरंड रायफलीचं तेल पावसात धुऊन जाई. तेव्हा त्यांनी तेल सोडून ग्रीस धरलं आणि ते शिपायाला छोट्या डबीत रायफलीबरोबरच दिलं.

गावात खोबरेल लावायची पद्धत आहे. ती मोडा. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, जुनं झालं की खवट होतं आणि घोड्याच्या यंत्रात किटण धरतं. जवसाचं तेल तर हवेत सुकून पापुद्रा होतं. म्हणूनच ते लाकडी दस्त्याला उत्तम आणि लोखंडाला घातक. शिलाई मशिनचं तेल चालतं, पण पातळ असल्यानं फार दिवस गंज अडवत नाही. आणि तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-40, सगळ्यांच्या घरी असतो. 1953 मध्ये तो बनला तो ओल हटवण्यासाठी, त्याचं नावही तेच सांगतं. पावसात भिजलेल्या बंदुकीवर मारायला तो चांगला, पण त्यावर थांबायचं नाही. पुसून घ्यायचं आणि खरं तेल लावायचं. काडतुसांजवळ मात्र कोणताच फवारा नको. पातळ तेल फटीतून आत झिरपलं तर दारू किंवा टोपी निकामी होऊ शकते.

शेजारच्या वाडीत अजून ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांचा न्याय वेगळा. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि खनिज तेल तिच्यात मिसळलं की डांबरासारखा लगदा होतो. अशा बंदुकीला गरम पाण्यानं धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं आणि मेण-चरबीचं वंगण लावायचं. ठासणीच्या जुन्या एनफील्डच्या कागदी काडतुसाला चरबी लावत ती याच कारणासाठी, राख मऊ राहावी आणि गोळी सहज उतरावी म्हणून. 1857 च्या जानेवारीत डमडमला त्या चरबीवरून कुजबुज सुरू झाली आणि पुढे काय झालं ते तुला शाळेत शिकवलंय. शिपायांना आपलं मेण-तेल वापरायची मुभा नंतर दिली गेली, पण विश्वास तोवर उडाला होता. वंगणात काय आहे हे वापरणाऱ्याला माहीत असायला हवं, हे मी तेव्हापासूनचं ऋण समजतो.

आता नव्या पदार्थांकडे येतो. ग्राफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड दोन्ही थराथराचे, थर एकमेकांवर सरकतात. पण ग्राफाइटला हवेतली ओल लागते. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांच्या मोटारींचे कार्बनचे ब्रश कोरड्या हवेत भराभर झिजले, तेव्हा हे कळलं. मॉलिब्डेनमचं उलटं, त्याला कोरडेपणा मानवतो. म्हणूनच ते अवकाशयानांत चालतं आणि दमट हवेत हळूहळू खराब होतं. कोकणात कोरडी भुकटी एकटी कधी वापरू नका; ती गंज अडवत नाही. ग्राफाइट ॲल्युमिनियमला लावलं तर ओलीत ते ॲल्युमिनियमच खाऊ लागतं.

टेफ्लॉन 1938 मध्ये रॉय प्लंकेटच्या हाती योगायोगानं लागलं. घसरडं खरं, घर्षणगुणांक 0.05 ते 0.1, पण मऊ. पोलादावर एकटा थर लवकर घासून जातो, म्हणून निकेलमध्ये मिसळून चढवलेला बरा. हिऱ्यासारख्या कार्बनचा मुलामा कठीणही असतो आणि घसरडाही. बोल्टसाठी मला आज तोच सगळ्यात भरवशाचा वाटतो. 1999 मध्ये अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम-बोरॉनचा एक पदार्थ हाती आला. त्याचा घर्षणगुणांक टेफ्लॉनच्या तोडीचा आणि कठीणपणा हिऱ्याच्या दिशेनं जाणारा. 2004 मध्ये लायडनला ग्राफाइटचा सूक्ष्म तुकडा विशिष्ट कोनात वळवल्यावर घर्षण जवळजवळ नाहीसं झालेलं मोजलं गेलं. मोठं काम आहे ते, मला त्याचं खूप अप्रूप आहे. पण ते प्रयोगशाळेतलं आहे, दादाच्या बंदुकीच्या बिजागरीत ते आलेलं नाही.

नवा मुलामा आहे म्हणून साफसफाई सोडायची नाही. एम 16 व्हिएतनामला गेली तेव्हा ती फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता. सफाईचं साहित्य अपुरं होतं, दारू बदललेली होती, चेंबरला क्रोम नव्हतं. काडतुसं आत अडकली, पोरं मेली. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं चौकशी केली. मग क्रोम आलं, आणि त्याबरोबर सफाईचं साहित्य आणि शिकवणही आली.

धुळीचंही सांगतो, कारण तिथे दोन मतं ऐकशील. इटलीची ब्रेडा 30 ही हलकी मशिनगन काडतुसालाच तेल लावून घेई, आणि उत्तर आफ्रिकेच्या रेतीत ते तेल वाळू धरून बसे. त्यावरून "धुळीत कोरडं ठेवा" असं लोक म्हणतात. पण अमेरिकी लष्करानं पुढे धुळीत एम 4 तपासल्या तेव्हा भरपूर तेल दिलेल्या कार्बाईन कमी अडल्या. मी दोन्ही खरं मानतो. सरकणाऱ्या बोल्टला तेल हवं, ते धूळ वाहून बाहेर काढतं. काडतुसाला आणि चेंबरला नको.

दादाला सांग, पाऊस लागण्याआधी बंदूक पूर्ण साफ करून घे. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेव आणि जुनं किटण दिसलं तर त्यावर नवं तेल ओतू नको. आणि दोघांनाही सांगतो, नवी डबी घेतलीत तर तिच्यावरचा मजकूर मला फोनवर वाचून दाखवा, मगच उघडा.