मुक्त ज्ञानकोशात लिहू इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या बोर्डिंगमधून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आम्हांस एकच गोष्ट विचारीत आले आहेत : मराठी विकिपीडियावर आपल्या माणसांविषयी, आपल्या चळवळीविषयी लिहावयाचे असेल, तर प्रारंभ कोठून करावा? काहींनी प्रयत्न केला, लिहिलेले पुसले गेले आणि ते नाराज होऊन थांबले. त्यांच्यासाठी, आणि नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी, हे टिपण आहे.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. तेथे वेतन घेऊन लिहिणारा लेखकवर्ग नाही. जो वाचतो त्यालाच लिहिण्याचा अधिकार आहे. बदल जतन करताच तो वाचकांपुढे येतो, आणि आधीची प्रत्येक आवृत्ती ‘इतिहास’ या विभागात कायम राहते. त्यामुळे चूक झाली तरी पान बिघडून जात नाही. कोणीही ते पूर्ववत करू शकतो. नवख्याने भिऊ नये, याचे हे पहिले कारण.

सरावासाठी तेथे एक स्वतंत्र पान मिळते. त्याचे नाव ‘धूळपाटी’. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत, त्यावरून हा शब्द आला. आपल्यापैकी बहुतेकांच्या पणजोबांना त्या पाटीजवळ बसूही दिले गेले नव्हते. म्हणून हा साधा शब्द आम्हांला प्रत्येक वेळी क्षणभर थांबवतो. असो.

पहिल्याच दिवशी नवा लेख लिहावयास घेऊ नये. आपल्या गावाच्या वा तालुक्याच्या पानावरील शुद्धलेखन सुधारावे, एखादे चुकलेले वर्ष पुराव्यानिशी दुरुस्त करावे. मतभेद झाल्यास त्या लेखाच्या चर्चापानावर आपले म्हणणे सौम्य शब्दांत मांडावे आणि खाली स्वाक्षरी करावी. वारंवार वाद होणारी काही पाने सुरक्षित केलेली असतात. तेथे नव्या सदस्याने चर्चापानावर सूचना करणे हाच मार्ग.

खरी अडचण भाषेची येते. उदाहरणार्थ, वामनदादा कर्डक. आपला विद्यार्थी लिहितो : ‘आपल्या धगधगत्या वाणीने अवघा महाराष्ट्र पेटवणारे अजरामर महाकवी.’ सभेत हे वाक्य शोभते. ज्ञानकोशात ते टिकत नाही. तेथे असे लिहावे : ‘वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे मराठी कवी व गायक होते. त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला.’ त्यानंतर त्यांचे गीतसंग्रह आणि त्यांच्या गीतांविषयी अभ्यासकांनी काय म्हटले आहे, ते त्या अभ्यासकांच्या नावानिशी द्यावे. विशेषणे काढताना मनाला लागते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. परंतु ‘होते’, ‘त्यांचा’ या आदरार्थी रूपांना कोणी हरकत घेत नाही. मराठीत आदर क्रियापदातूनही व्यक्त होतो. शिवाय विशेषणाला विरोध करणे सोपे, पुराव्यासह दिलेल्या वर्षाला विरोध करणे कठीण.

दुसरी अट संदर्भाची. केसपुत्त येथे कालामांना उपदेश करताना भगवान बुद्धांनी केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगितले. हे सुत्त आपल्या मुलांना शाळेत शिकवले जाते. म्हणून ‘संदर्भ द्या’ ही सूचना त्यांना परकी वाटू नये. मात्र साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. कालामसुत्त ग्रंथप्रामाण्यही नाकारते आणि स्वानुभवाने पारखावयास सांगते. विकिपीडिया लेखकाचा स्वानुभव मानीत नाही, छापील वा अन्य प्रकाशित साधन मागतो. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ साली झाली आणि १९२५ साली सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, हे आपल्याला पाठ असते. तरीही ते लिहिताना खैरमोडे वा कीर यांचे चरित्र, अथवा बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे शासकीय खंड उघडावेत, मजकूर स्वतः वाचावा आणि पृष्ठक्रमांक नोंदवावा. दुसऱ्याच्या लेखातून संदर्भ तसाच उचलू नये.

या नियमाचा फटका आपल्याला इतरांहून अधिक बसतो. आपला बराच इतिहास छापला गेलाच नाही. तो जलशांत, भजनी मंडळांत आणि आजीच्या आठवणींत राहिला. आमच्यातील एकाने आपल्या शाळेवर लेख लिहिला तेव्हा तो थोड्याच दिवसांत वगळला गेला. राग आला, पण लेख पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की, शाळेचा माजी विद्यार्थी शाळेची स्तुती करीत होता आणि आधार होता शाळेच्याच पत्रकाचा. ही स्मरणिकादेखील अशा लेखास पुरेशी नाही. स्थापनेचे वर्ष, विद्यार्थिसंख्या अशा साध्या बाबींपुरती ती चालेल. परंतु शाळेची दखल इतरांनी घेतली आहे, हे वृत्तपत्रांतून, स्वतंत्र ग्रंथांतून वा प्रबंधांतून दाखवावे लागते.

म्हणून आमची सूचना वेगळी आहे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी विकिपीडियावर थेट लिहू नयेत. त्या आधी ध्वनिमुद्रित कराव्यात, तारीख आणि गाव नोंदवून लिहून काढाव्यात, नियतकालिकांकडे व संशोधकांकडे पोहोचवाव्यात, आणि जुन्या स्मरणिकांची एक एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. काम संथ आहे. पण आज ज्यांचे वय ऐंशी आहे, त्यांच्याबाबत ते लांबणीवर टाकता येणार नाही.

छायाचित्रांविषयी थोडेसे. इंटरनेटवर सापडलेले चित्र उचलून चढवू नये. ते काढले जाते. स्वतः काढलेले छायाचित्र कॉमन्स या सामायिक संग्रहावर मुक्त परवान्याने द्यावे. घरातील जुन्या अल्बममधील चित्राचा हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याकडे असतो, चित्रातील व्यक्तीकडे नव्हे. तेव्हा आधी चौकशी करावी. गावातील विहार, स्मारक, ग्रंथालयाची इमारत यांची बाहेरून काढलेली स्वच्छ चित्रे फार उपयोगी पडतात.

आणि ज्यांच्याकडे स्मरणिकांचा जुना मजकूर संगणकावर आहे, त्यांनी तो युनिकोडमध्ये आहे का, हे आधी पाहावे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर तसाच चिकटवला, तर पानावर नुसती अगम्य चिन्हे उमटतात.