मोबाइलवरील छळ : वर्गात ओळख व प्रतिबंध

प्रश्नाचे स्वरूप

एका मुलाने दुसऱ्यास त्रास देणे ही गोष्ट शाळेइतकीच जुनी आहे. टोपणनावे ठेवणे, दप्तर लपविणे, खेळात न घेणे हे प्रकार प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असतात. परंतु पूर्वी शाळा सुटून मूल घराचा उंबरा ओलांडून आत गेले, की निदान दुसऱ्या सकाळपर्यंत त्याची सुटका होत असे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या व अभ्यास पोहोचविण्यासाठी ठिकठिकाणी वर्गांचे व्हॉट्सॲप ग्रुप निघाले. पुढे शाळा उघडल्या. परंतु अनेक घरांत मोबाइल मुलांच्या हाती राहिला तो राहिलाच. त्यामुळे दिवसाची थट्टा आता रात्री अंथरुणापर्यंत मुलाचा पाठलाग करते.

या छळास ‘सायबर छळ’ असे नाव आहे. नाव नवे असल्यामुळे पुष्कळ शिक्षकांस वाटते, की हा विषय यंत्रांच्या जाणकारांचा आहे. ही समजूत दूर होणे अगत्याचे आहे. छळणारा, छळला जाणारा व पाहणारे हे तिघेही बहुधा एकाच वर्गात बसतात. म्हणून मोबाइलला हात न लावताही शिक्षकास हा छळ ओळखता येतो व पुष्कळ अंशी थांबविताही येतो.

थट्टा आणि छळ

मुलांची प्रत्येक थट्टा म्हणजे छळ नव्हे. नॉर्वेमध्ये या प्रश्नाचा पायाभूत अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली : त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही पक्षांच्या बळातील विषमता. याच सुमारास, म्हणजे १९८३ मध्ये, त्या देशात शाळांतील छळाविरुद्ध राष्ट्रव्यापी मोहीम हाती घेण्यात आली.

मोबाइलवर या लक्षणांचे रूप थोडे पालटते. समजा, स्नेहसंमेलनात कविता म्हणताना एक मुलगा एका शब्दावर अडखळला. कोणीतरी ते चित्रित केले, दुसऱ्याने त्याचे हास्यास्पद स्टिकर बनविले आणि ते ग्रुपमधून ग्रुपमध्ये गेले. मूळ कृती एकदाच घडली. पण पाहणाऱ्यांची संख्या वाढत जाते तशी ती मुलाच्या दृष्टीने पुन्हा पुन्हा घडते. बळाची विषमताही येथे दंडाच्या ताकदीवर अवलंबून नसते. एका बाजूस सारा ग्रुप व दुसऱ्या बाजूस एकटे मूल, हीच ती विषमता होय. मुद्दाम ग्रुपमधून वगळणे, दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडणे, मुलीच्या छायाचित्रात फेरफार करणे, जातीवरून वा रंगरूपावरून लिहिणे, हेही याच छळाचे प्रकार आहेत.

ओळखण्याच्या खुणा

वरील उदाहरणातील मुलगा बहुधा तक्रार करणार नाही. परंतु वर्गात तो शब्द उच्चारला, की मागच्या बाकांवर हशा पिकेल. पाठ्यपुस्तकातील एखाद्या साध्या शब्दावर वर्ग अकारण हसू लागला, तर त्या हसण्यात कोण सामील नाही, हे शिक्षकाने पाहावे. याखेरीज पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

१) नियमित येणारे मूल पोटदुखी वा डोकेदुखी सांगून वरचेवर गैरहजर राहू लागते, विशेषतः सुट्टीनंतरच्या दिवशी.
२) प्रकट वाचनास वा कवितागायनास उत्सुक असणारे मूल उभे राहण्यास कचरते.
३) मधल्या सुट्टीत व पोषण आहाराच्या पंगतीत ते एकटे बसते, किंवा शिक्षकांच्या आसपास घोटाळते.
४) मोबाइलचा विषय निघताच ते गप्प होते किंवा चिडते.
५) कोणी छायाचित्र काढू लागताच ते तोंड लपविते.

यांपैकी एकच खूण दिसली तर घाईने निष्कर्ष काढू नये; दारिद्र्य, आजार वा घरातील कलह हीही कारणे असू शकतात. मात्र दोन-तीन खुणा एकत्र दिसल्यास मुलाची एकांतात विचारपूस अवश्य करावी.

मूल मौन का धरते

मुलास दोन भये असतात. सांगितले तर मोबाइल काढून घेतील, हे पहिले भय. सांगितले तर दोष आपल्यावरच येईल, हे दुसरे. मुलींच्या बाबतीत हे दुसरे भय फार खोल असते. छायाचित्राची वार्ता घरी कळली, तर शाळाच बंद होईल, हे ती जाणून असते. छळणारा शाळेत राहतो आणि छळलेली घरी बसते, असे घडले तर त्या एका स्टिकरने तिचे शिक्षणच हिरावून घेतले असे होईल. म्हणून पालकांशी बोलताना मुलीची चूक नाही, हे वाक्य शिक्षकाने प्रथम व स्पष्टपणे उच्चारावे. तपशील मागाहून सांगावा.

तक्रार आल्यानंतर

मुलाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकावे. ‘तू फोटो काढूच का दिलास?’ हा प्रश्न विचारू नये. संदेश पुसून टाकण्यापूर्वी तारीख व पाठविणाराचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट पालकांनी जपून ठेवावा. मुख्याध्यापकांस कळवावे, पण सर्व वर्गापुढे चौकशी मांडू नये, कारण त्यामुळे मुलाची दुसऱ्यांदा विटंबना होते.

बालकाचे अश्लील चित्र असल्यास विशेष दक्षता घ्यावी. असे चित्र पुराव्यासाठी म्हणूनही शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नये व त्याची प्रत काढू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६७ ब अन्वये बालकाचे अश्लील चित्र पसरविणे हा गुन्हा आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजेच पॉक्सो, याच्या कलम १९ प्रमाणे अशा अपराधाची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. ‘गावातल्या गावात मिटवू’ असे म्हणण्याची मुभा कायदा कोणासही देत नाही. साहाय्यासाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ व सायबर हेल्पलाइन १९३० हे क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावेत.

छळ करणारे मूलही बालकच आहे, याचा विसर पडू नये. मारझोड किंवा जाहीर अपमान केल्याने ते अधिक लपूनछपून वागण्यास शिकते. शिवाय बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास शिक्षणहक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. त्याला स्वतंत्र बोलावून कृतीचा परिणाम समजावून द्यावा, पसरविलेले चित्र त्याच्याच हातून पुसून घ्यावे व पालकांसमक्ष पुढील वागणुकीची हमी घ्यावी.

पाहणाऱ्यांचे बळ

फिनलंडमधील संशोधिका क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की छळात केवळ दोनच पक्ष नसतात. कोणी मदतनीस होतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी बाजूस सरतो आणि एखादा पीडिताची बाजू घेतो. त्या देशातील शाळांत पुढे राबविलेला ‘किवा’ हा कार्यक्रम याच विचारावर आधारलेला आहे. हसणारे गप्प झाले, की छळणाऱ्याची हौस ओसरते. शिक्षकाला सर्वांत मोठी संधी येथेच आहे.

एका तासिकेचा पाठ (इयत्ता ५ वी ते ७ वी)

१) अडखळलेल्या मुलाची गोष्ट दुसऱ्या गावची म्हणून सांगावी. आपल्या शाळेत घडलेला प्रसंग घेऊ नये.
२) फळ्यावर एक वर्तुळ काढून मध्ये तो मुलगा दाखवावा. भोवती चित्रण करणारा, स्टिकर बनविणारा, पुढे पाठविणारे, हसणारे, गप्प राहिलेले असे गट विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावेत.
३) ‘पुढे पाठविणारे थांबले असते तर काय झाले असते?’ असे विचारून एक-एक गट पुसत जावे. शेवटी छळ कितीसा उरतो, हे मुलांनी स्वतः पाहावे.
४) तीन नियम मुलांच्याच शब्दांत लिहवून घ्यावेत : विचारल्यावाचून कोणाचे चित्र काढणार वा पाठविणार नाही, कोणाची टिंगल पुढे ढकलणार नाही, त्रास झाला वा दिसला, तर मोठ्यांना सांगेन.
५) अखेरीस प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी लिहून, अडचण आल्यास आपण कोणास सांगू, ते त्यात नोंदवावे. चिठ्ठ्या शिक्षकाने एकट्याने वाचाव्यात. जी चिठ्ठी कोरी येईल, त्या मुलाकडे दुसऱ्याच दिवसापासून लक्ष द्यावे.

शिक्षकाचा स्वतःचा कित्ता

मुले नियमांपेक्षा वर्तन अधिक लवकर उचलतात. गृहपाठ न करणाऱ्यांची यादी किंवा कमी गुणांची उत्तरपत्रिका वर्गाच्या ग्रुपवर झळकली, तर चारचौघांत लाजविणे हा मोबाइलचा मान्य उपयोग आहे, असाच धडा मुले घेतील. अशा गोष्टी संबंधित पालकास स्वतंत्रपणे कळवाव्यात. ज्या ग्रुपवर गुरुजी व बाई कोणाचीही मानहानी होऊ देत नाहीत, त्या ग्रुपवरून मुलांना मिळणारा संस्कार शंभर सूचनांहून मोलाचा ठरेल.