परसातील करवंदाचे कुंपण

नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायात आळशाच्या मळ्याची पडलेली भिंत व तेथे माजलेले काटे आपण पाहतो. उद्योगी मनुष्य मात्र काट्यांसही रखवालीस लावितो.

जून महिन्यात पिकलेल्या करवंदांचे बी धुऊन ताजेच वाफ्यात पेरावे; ठेवलेल्या बियांची उगवण घटते. पुढील पावसाळ्यात रोपे परसाच्या कडेने २-२ हातांवर लावावी. मुळाशी पाणी साचू देऊ नये. फळास २-३ वर्षे लागतात. तोवर धीर धरावा. फळे उतरल्यावर शेंडे छाटावे, म्हणजे कुंपण दाट होऊन गुरे भाजीत शिरत नाहीत, व शेजाऱ्यांतील तंटेही टळतात.

कच्च्या करवंदांचे लोणचे घालावे. पिकलेली मुलांस द्यावी. बाहेरच्या अंगाची मात्र वाटसरूंस राखावी, अशी आमची विनंती आहे.