आधी वायर बघ, मग बोट

बाय, काल फोनवर तू कुरकुरलीस, “ताई, म्हाताऱ्या माणसांचे ठसेच उठत नाहीत, मी तरी काय करू?” ठसे उठत नाहीत हे खरंच आहे. आवणी, लाकूडफाटा, वीटभट्टी यांत आयुष्य गेलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरतात तरी किती! पण तुझ्या सेवा केंद्राचं टेबल मी पाहिलंय, म्हणून सांगते. आधी वायर बघ, मग बोट.

ठसा स्क्रीनवर येतोय पण पुसट येतोय, तर दोष बोटाचा. हात धुऊन कोरडे करायला सांग, दुसरं बोट घे. पण बोट ठेवता ठेवता थंब मशीनचा दिवाच विझतो, कॉम्प्युटर ‘टुंडुंग’ करतो आणि मशीन सापडत नाही असं येतं, तेव्हा बोटाचा काडीचा संबंध नसतो. खोडाळ्याकडच्या पाड्यावरून एसटीने आलेली आजी असते, रोजगार हमीचे पैसे काढायला तिने त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते. तिला “आजी, बोटं झिजलीत, उद्या या” म्हणणं म्हणजे आपल्या वायरचं पाप तिच्या माथी मारणं. शिमग्याला भिवंडी-वसईकडची माणसं गावी परततील, तेव्हा तुझ्या दारात रांग लागेल. त्याआधी एवढं निस्तर.

पहिलं म्हणजे तो चार तोंडांचा हब. त्यात तू थंब मशीन, वेबकॅम, माउस आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह, सगळं खुपसून ठेवलंयस. कॉम्प्युटरच्या यूएसबी २.० पोर्टमधून मिळणारा करंट एकूण ५०० मिलिअँपिअर. ज्या हबला स्वतःचा अॅडाप्टर नाही, तो त्यातूनच चौघांना भागवतो, आणि नियमाने प्रत्येक तोंडाला १०० च्या वर हक्क नसतो. मोखाड्यात मे महिन्यात एका टँकरवर चार पाडे धावतात, तशी गत. ठसा घेताना मशीनला जरा जास्त करंट लागतो, तो पुरत नाही, आणि ते मान टाकतं. थंब मशीन थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लाव. तिथले पोर्ट मदरबोर्डवरच असतात, पुढच्यांसारखी आत आणखी एक वायर मध्ये नसते. माउस-कीबोर्ड खुशाल हबवर राहू देत, ते अल्पसंतुष्ट आहेत.

तरीही मशीन थोडा वेळ रिकामं राहिलं की झोपत असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद कर. वीज वाचवायला विंडोज स्वतःच रिकाम्या यंत्राला झोपवतं. दोन पैशांची वीज वाचते आणि आपली अब्रू जाते.

मग वायरची मान बघ. प्लगला लागून जिथे वायर वाकते, तिथेच आतली तार आधी तुटते, वरचं रबर मात्र धडधाकट दिसतं. मशीन चालू ठेवून तिथे हलकेच हलवून पाहा. दिवा लुकलुकला की समज. चिकटपट्टी गुंडाळून संसार करू नकोस. मशीनची वायर पक्की बसवलेली असेल तर दुरुस्तीला दे, सुटी असेल तर नवी आण.

आता त्या ‘सुपरफास्ट’ केबलबद्दल. दुकानदाराने गळ्यात मारली आणि तू घेतलीस. अगं, ठशाचा डेटा मोबाइलवरच्या एका साध्या फोटोपेक्षा कमी असतो! १९९६ साली यूएसबी आलं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता, २००० साली २.० आलं ते ४८० चं. तुझ्या थंब मशीनला आणि प्रिंटरला आजही तेवढं पुरून उरतं. प्रिंटरला महागडी केबल लावलीस म्हणून सातबारा लवकर छापून येत नाही, कागद त्याच्याच चालीने सरकतो. तुला वेग नको, पक्की जोडणी हवी.

वेग कुठे लागतो ते सांगते. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा ६४ जीबीचं भरलेलं कार्ड घेऊन येतो ना, तिथे. जुन्या २.० पोर्टातून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ मेगाबाइट मिळतात, म्हणजे कार्ड उतरवायला अर्धा तास. २००८ साली आलेल्या ३.० चा वेग ५ गिगाबिट. त्यात कार्ड रीडर आणि कार्ड दोन्ही चांगली असतील तर दहा-बारा मिनिटांत काम होतं. पण पोर्ट, रीडर, कार्ड, केबल यांतला एक जरी जुना असला, तरी सगळी वरात त्याच्याच चालीने चालते. ३.० चा पोर्ट बहुधा आतून निळा असतो. त्यात प्लग एका झटक्यात घाल. जपून, हळूहळू घातलास तर पुढचे चार जुने संपर्क आधी टेकतात आणि कधीकधी ते यंत्र जुन्याच वेगाने सुरू होतं. इथे हळुवारपणा कामाचा नाही.

आणखी एक गंमत. निळ्या पोर्टात हार्डडिस्क लावली की तुझा वायरलेस माउस अडखळतो, असं म्हणत होतीस ना? माउस बिघडलेला नाही. ३.० ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करते, आणि बिनवायरचे बहुतेक माउस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलनेच २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलंय. माउसचा बारका रिसीव्हर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लाव, झालं.

टाइप-सीचं दुखणं वेगळं. आपला पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, आणि टाइप-सीचा आराखडा जाहीर झाला तोही त्याच महिन्यात. दोघांकडूनही लोकांनी भलत्या अपेक्षा केल्या! कसाही घाला, बसतो, हे सुख खरंच. पण तोंड सारखं म्हणून आतल्या तारा सारख्या नसतात. एका केबलमधून ४० गिगाबिट जातील, दुसरीतून ४८० मेगाबिटच, आणि रस्त्यावरच्या स्वस्तातल्या केबलमध्ये कित्येकदा डेटाच्या ताराच नसतात, नुसतं चार्जिंग. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधली मार्कशीट काढायला केबल लावलीस, फोन चार्ज होतोय पण कॉम्प्युटरला दिसत नाही, तर आधी फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलंय का बघ. निवडूनही दिसला नाही तर केबल बदल. एक चांगली डेटा केबल वेगळी ठेव, तिला रंगीत दोरा बांध, आणि चार्जिंगसाठी कोणाला देऊ नकोस. अगदी भाऊजींनाही! विकत घेताना ३.१, ३.२, जेन वन असल्या नावांच्या नादी लागू नकोस. एकाच ५ गिगाबिटला यूएसबीवाल्यांनी तीन नावं दिलीत. पाकिटावर गिगाबिटचा आकडा छापलाय का, तेवढं वाच.

जुना चपटा प्लग मात्र आपल्याला अजून बरीच वर्षं छळणार. एकदा घालून पाहायचा, उलटा करायचा, मग कळतं पहिल्यांदाच बरोबर होता. यूएसबी ज्यांच्या पुढाकाराने झालं ते इंटेलचे अजय भट्ट आपल्या शेजारच्या बडोद्याला शिकलेले. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता तर तारा आणि खर्च वाढला असता, असं त्यांनीच सांगितलंय. तेव्हा ते पटण्यासारखंच होतं. तू नेलपॉलिशची बाटली काढ. प्लगच्या वरच्या अंगाला एक ठिपका आणि पोर्टच्या त्याच अंगाला एक. लाल थंब मशीनला, गुलाबी प्रिंटरला. टेबलाखाली वाकून चाचपडणं थांबेल.

पावसाळ्यात काय होतं ते मी जव्हारला रोज बघते. चार महिने धुकं घरात शिरतं, पोर्टमधल्या संपर्कांवर हिरवट थर धरतो. तोंडाने फुंकर मारू नकोस, थुंकीचा ओलावा आत जातो. मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि वाळू दे.

शेवटचं, आणि यात मी तुझं काही ऐकणार नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात म्हणालीस. ते हसण्यावारी नेऊ नकोस. अर्थिंग धड नाही. प्रिंटर एका भिंतीवरच्या बोर्डात आणि कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीवरच्या, त्यात अर्थिंग अर्धवट, अशाने नको तो करंट यूएसबीच्या वायरमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतात. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा तपासून घे, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आण. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या खोक्यात घुसवायचा उद्योग आजपासून बंद.

शनिवारी मी नाशिकला चाललेय, केबली तिथूनच घेईन. प्रिंटर कॉम्प्युटरच्या बोर्डाजवळ आणलास तर दीड मीटर पुरेल. खिडकीपाशीच ठेवायचा हट्ट असेल तर दोरीने भिंतीच्या कडेकडेने मोजून कळव, पाच मीटरच्या वर गेलं तर ती केबल चालायची नाही. आणि हबला स्वतःचा अॅडाप्टर असलेला बघू की नको, तेही शुक्रवारच्या आत सांग.