शिवारफेरी : पाहणे, टिपणे आणि ओळखणे

(परिसर अभ्यास : इयत्ता ३ री ते ५ वी)

सह्याद्रीच्या परिसरातील मुलाला रानाची ओळख शाळेने करून द्यावयास हवी काय, असा प्रश्न कोणासही पडेल. करवंदीच्या जाळीत हात घालून ओरखडे घेतलेले मूल रान जाणत नाही, असे कोण म्हणेल? तथापि खाण्यासाठी पाहणे निराळे व ओळखण्यासाठी पाहणे निराळे. करवंदीची पाने समोरासमोर येतात की एकाआड एक, पान तोडल्यास काय निघते, फूल कोणत्या महिन्यात येते, हे विचारले असता वर्गातील बहुतेक मुले गप्प राहतात. ही उणीव केवळ ज्ञानाची नाही. तिच्यापायी कधी कधी मुलांच्या जिवावर बेतते.

मोगली एरंड, ज्यास चंद्रज्योत असेही म्हणतात, तो शेताच्या व शाळेच्या कुंपणास पुष्कळ ठिकाणी लावलेला असतो. त्याचे बी चवीस शेंगदाण्यासारखे लागते. म्हणूनच ते घातक ठरते. ते खाल्ल्याने पोटात कळा येणे, उलट्या व जुलाब होणे असे प्रकार होतात. ही बी खाऊन शाळकरी मुले रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडलेल्या आहेत. यास्तव रानमेवा ओळखता येणे ही हौसेची बाब नसून प्राथमिक शिक्षणाचे एक आवश्यक अंग होय.

पाठाचा उद्देश

१. रोजच्या वाटेवरील वनस्पती व प्राणी नेमकेपणाने पाहण्याची सवय लावणे.
२. पाहिलेल्याची दिनांकासह नोंद ठेवणे.
३. खाण्याजोगे व विषारी यांतील भेद खुणांवरून सांगता येणे.

वाट एकच असावी

शिवारफेरी म्हणजे सहल नव्हे. दूरच्या अरण्यात वर्षातून एकदा जाण्यापेक्षा शाळेपासून पाणवठ्यापर्यंतची एकच वाट रोज चालणे अधिक फलदायी होते. तेच झाड रोज पाहिले म्हणजे त्यातील बदल ध्यानात येतो. करवंद उन्हाळ्याच्या सुट्टीत पिकते, परंतु तिची पांढरी, सुवासिक फुले व हिरवी फळे शाळा चालू असतानाच पाहावयास मिळतात. बोरे व आवळे हिवाळ्यात, तोरणे उन्हाळ्यात, जांभळे मृगाच्या आगेमागे, असा फळांचा क्रम मुलांनी स्वतः नोंदवून वर्गाच्या भिंतीवर ‘रानमेव्याचे पंचांग’ तयार करावे.

रोज एकाच ठिकाणी पाहण्याचे मोल पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या उदाहरणावरून पटते. इ. स. १९३० च्या सुमारास अलिबागजवळील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे चिकाटीने निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो; मादी येऊन ते पारखते; तिने पसंत केले म्हणजे मग ते पुरे होते; आणि नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांना त्यातून उमगले. सुगरण पावसाळ्यात, म्हणजे शाळा चालू असतानाच, विहिरीकाठी घरटी बांधते. हे दृश्य कोणत्याही गावच्या मुलांस पाहता येण्याजोगे आहे.

छायाचित्र कसे घ्यावे

हल्ली शिक्षकाजवळ मोबाइल असतो व त्यातील कॅमेरा निरीक्षणास चांगला साहाय्यभूत होतो. परंतु छायाचित्र हे निरीक्षणाचे साधन आहे, निरीक्षणाच्या जागी ते येऊ शकत नाही. म्हणून आधी मुलांनी पाहावे, तोंडी वर्णन करावे, आणि मगच शिक्षकांनी छायाचित्र घ्यावे.

एका वनस्पतीची निदान चार छायाचित्रे असावीत : संपूर्ण झाड अथवा झुडूप, पानांची मांडणी, खोड व काटे, आणि फांदीवरच असलेले फूल किंवा फळ. आकार समजावा म्हणून फळाशेजारी पट्टी किंवा नाणे धरावे. सकाळचे ऊन पाठीशी घेऊन उभे राहिल्यास चित्र स्वच्छ येते. वहीत दिनांक, ठिकाण व गावातील प्रचलित नाव लिहावे. नाव न कळल्यास घरच्या आजीला किंवा गुराख्याला विचारावे. पुस्तकात न सापडणारी नावे त्यांच्या तोंडी असतात.

फळ आणि त्याचे खाणारे

फळाजवळ थांबले म्हणजे प्राणी आपोआप दिसू लागतात. क्वचित भेटणाऱ्या माणसास आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या भागाच्या आतच असतात, आणि बारीक छिद्रातून आत शिरणारे चिमुकले कीटक त्यांचे परागण घडवितात. खाली पडलेले उंबर कागदावर फोडून भिंगाखाली मुलांना दाखवावे. त्याच झाडावर तांबट, बुलबुल व आपला राज्यपक्षी हरियाल येतात. हरियाल पानांच्या रंगात इतका मिसळून जातो की तो उडेपर्यंत दिसत नाही. हे पक्षी गर पचवितात आणि बिया दूरवर टाकतात. कुंपणात न लावता उगवलेले झाड कोठून आले, या प्रश्नाचे उत्तर मुलांना येथे मिळते.

शाळेच्या बागेतील लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर पाखराची विष्ठा पडल्यासारखे काही दिसल्यास ते पुसून टाकू नये. ती बहुधा लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. त्या रूपामुळेच भक्षकांपासून तिचे रक्षण होते. तिची रोज एक नोंद घेतल्यास फुलपाखराची संपूर्ण जीवनकथा वर्गापुढे उलगडते.

सावधानता

१. वडीलधाऱ्या जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय कोणतेही फळ वा बी तोंडात घालू नये. ‘पाखरे खातात, म्हणून आपणही खावे’ हा समज चुकीचा आहे.
२. मोगली एरंड, गुंज, पिवळी कण्हेर व धोत्रा यांची चित्रे वर्गात कायम लावावीत. गुंजेचे लाल-काळे सुरेख बी अत्यंत विषारी असते.
३. विषबाधेची शंका येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकास कळवावे व मुलाला त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे. खाल्लेल्या वनस्पतीचे छायाचित्र जवळ असल्यास डॉक्टरांना मोलाची मदत होते.
४. साप दिसल्यास थांबून मागे सरावे. चित्रासाठी जवळ जाऊ नये.
५. घरट्याजवळ गर्दी करू नये व फांद्या बाजूला सारू नयेत. त्रस्त पक्षी पिले सोडून जाण्याचा संभव असतो. रानपक्ष्यांची अंडी काढणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.

स्वाध्याय

१. आपल्या वाटेवरील एक झाड निवडून एक महिना त्याची रोज एक ओळ नोंद लिहा.
२. करवंद व मोगली एरंड यांची पाने, खोड, फळ व बी यांतील फरक चित्रांसह मांडा.
३. घरातील वृद्ध व्यक्तींकडून पाच रानफळांची नावे, हंगाम व उपयोग विचारून या.
४. एका फळझाडाखाली पाव तास शांत बसून तेथे आलेल्या प्राण्यांची यादी करा.

वर्षअखेर या नोंदवह्या व छायाचित्रे शाळेतच जपून ठेवावीत. पुढील वर्षीच्या मुलांनी आपल्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. जांभूळ यंदा लवकर पिकले की उशिरा, कोणते झाड तुटले, कोणते पाखरू येईनासे झाले, हे त्यावरून समजेल. आणि गावाच्या शिवाराचा लेखी इतिहास गावच्याच मुलांच्या हातून घडत जाईल.