तलाव पाहिल्याशिवाय फी भरू नकोस

चि. निखिल यास,


जीपी (जनरल पर्पज) रेटिंगचा कोर्स करून जहाजावर डेकवर लागायचे तू ठरवलेस, आणि तीन शाळांची माहितीपत्रके पाठवून ‘यातली कोणती?’ असे विचारलेस. तिन्ही पत्रके मी नीट वाचली. पांढरा गणवेश, निळा समुद्र आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे तिन्हींत मोठ्या अक्षरांत आहे; मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाचा उल्लेख मात्र शेवटच्या पानावर एका ओळीत उरकला आहे. मी तुला शाळेचे नाव सांगणार नाही, ते तूच ठरवायचेस. कशावरून ठरवायचे, ते मात्र सांगतो. पत्रकात ज्या गोष्टीला एकच ओळ मिळाली आहे, तिच्यावरूनच शाळेची पारख कर. पाण्यात, धुरात आणि बंदिस्त जागेत कसे वागायचे हे जी शाळा प्रत्येक मुलाकडून प्रत्यक्ष करून घेते, ती चांगली. बाकीच्या गोष्टींचा विचार त्यानंतर.

असे का म्हणतो, ते समजून घे. जीपी रेटिंग हा सहा महिन्यांचा निवासी कोर्स. सर्वसाधारणपणे दहावीला एकूण आणि इंग्रजीत किमान ४० टक्के, वय साडेसतरा ते पंचवीस, या त्याच्या अटी. दोरखंडाच्या गाठी, रंगकाम, सुकाणू धरणे, पहारा देणे, इंजिनरूमची ओळख हे सगळे त्यात येते. त्याच्याच जोडीला ‘एसटीसीडब्ल्यू’ या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचे सुरक्षा कोर्स असतात: समुद्रात जीव कसा वाचवायचा, आग कशी रोखायची आणि विझवायची, प्रथमोपचार, जहाजावरील वैयक्तिक सुरक्षा व जबाबदाऱ्या, आणि जहाजाच्या संरक्षणाचे प्रशिक्षण. २०१० साली मनिला येथे या करारात मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि १ जानेवारी २०१२ पासून त्या लागू झाल्या. यातला एकेक कोर्स दोन-तीन दिवसांचाच. सहा महिन्यांच्या मानाने हा काळ किरकोळ वाटतो, म्हणून शाळेला काटकसर करायची असेल तर ती इथेच सर्वांत सोपी असते. तलाव बांधून तो भरलेला ठेवायला, आगीचे मैदान चालवायला, श्वसनसंच वेळोवेळी भरून घ्यायला पैसा लागतो. फळा आणि प्रोजेक्टर त्यामानाने स्वस्त.

पण हे शिक्षण फळ्यावर होत नाही, कारण त्याचा हेतू माहिती देणे एवढाच नाही. संकटात माणसाचे शरीर आपणहून जे करते, ते बऱ्याचदा चुकीचे असते. ती सवय मोडून दुसरी लावायची असते. उंच डेकवरून पाण्यात उडी मारताना हात आपोआप पसरतात. शिकवले जाते ते असे: एका हाताने नाक-तोंड झाकायचे, दुसऱ्याने लाइफजॅकेट घट्ट दाबून धरायचे, पाय जुळवून सरळ खाली पडायचे. धूर दिसला की माणूस उभा राहून पळत सुटतो. खरे तर खाली वाकून, भिंतीला हात लावून सरकायचे असते. लाइफराफ्टमध्ये पोचताच माणूस पाणी मागतो. पण तिथे माणशी दीडच लिटर गोडे पाणी असते, म्हणून जखमी नसलेल्यांनी पहिले चोवीस तास ते घ्यायचे नाही आणि ओकारीची गोळी मात्र लगेच घ्यायची, असे शिकवतात. ओकारीतून अंगातले पाणी जाते, म्हणून.

यातले सर्वांत घातक उदाहरण बंदिस्त जागेचे आहे. बंद टाकीतला गंज हवेतला प्राणवायू खातो. कोळसा आणि लाकूड यांसारखे मालही खातात. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो पुरेसा घटला की माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, आणि तिथे वासही येत नाही, धूरही दिसत नाही. सोबती पडलेला पाहून दुसरा त्याला वाचवायला आत उतरतो आणि तोही पडतो. जगभर अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच मोठ्या संख्येने मेले आहेत. म्हणूनच १ जानेवारी २०१५ पासून समुद्रावरील जीवसुरक्षेच्या ‘सोलास’ करारानुसार बंदिस्त जागेतून सुटका करण्याची ड्रिल दर दोन महिन्यांनी घेणे बंधनकारक झाले. मित्र समोर पडलेला असताना पाय रोखून आधी हाक द्यायची, हवा मोजायची, श्वसनसंच चढवायचा, हे वहीत लिहून येत नाही. ते अंगात मुरवावे लागते.

करारातले अभ्यासक्रमही यासाठीच कृतीच्या भाषेत लिहिलेले आहेत. लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारणे, उलटलेला राफ्ट पाण्यात राहून सरळ करणे, पाण्यातून राफ्टमध्ये चढणे, लाइफजॅकेटशिवाय तरंगत राहणे ही कौशल्ये उमेदवाराने करून दाखवायची असतात. आगीच्या कोर्सात श्वसनसंच लावून धुराने भरलेल्या खोलीतून माणूस बाहेर काढायचा असतो. शाळेला हे टाळायची मुभा नाही. तरीही एका बॅचच्या चाळीस मुलांपैकी पाच जणांनी उडी मारली आणि बाकीच्यांनी काठावरून पाहिले, तर प्रमाणपत्रे सर्वांची सारखीच निघतात.

इथेच तुझा पहिला आक्षेप येईल: प्रमाणपत्र सगळीकडचे सारखेच, कंपनी कागदच बघते, मग एवढी चिकित्सा कशाला? कागदाचे काम तुला जहाजाच्या शिडीपर्यंत नेणे एवढेच. चढल्यावर दर महिन्याला जहाज सोडण्याची आणि आगीची ड्रिल असते, आणि परदेशी बंदरात तपासणीला आलेले अधिकारी आपल्यासमोर ड्रिल करून दाखवायला सांगू शकतात. त्या वेळी श्वसनसंचाचे पट्टे कसे आवळायचे हे ज्याला कळत नाही, तो खलाशी बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या मुकादमाच्या, आणि चीफ ऑफिसरच्या लगेच नजरेत येतो. नोकरीच्या पुढच्या कराराच्या वेळी शिफारस त्यांचीच लागते.

दुसरा आक्षेप तुझ्या आजोळचा: आम्ही दर्यावर वाढलो, पोहणे आम्हाला कोण शिकवणार? पोहता येणे ही जमेची बाजू आहे, हे मान्य. पण जहाज बुडताना पोहत सुटणारा लवकर दमतो. गुडघे छातीशी घेऊन अंगाची ऊब राखणे आणि चौघांनी एकमेकांना धरून राहणे अधिक कामाचे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती आणि सत्तरहून अधिक जण दगावले. वाचलेल्यांतले अनेक जण लाइफजॅकेटच्या आधाराने खवळलेल्या पाण्यात तासन्‌तास तरंगत राहिले, तेव्हा कुठे नौदलाच्या जहाजांनी त्यांना उचलले. त्या दुर्घटनेला कारणे अनेक होती आणि खोल पाण्यातले प्रशिक्षण म्हणजे जिवाची हमी असे मी म्हणत नाही. पण अशा रात्री अंगात किती जोर आहे यापेक्षा तो कसा राखायचा याला महत्त्व असते. शिवाय धूर आणि बंद टाकी यांची ओळख किनाऱ्यावर वाढून होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरे शिक्षण जहाजावरच होते. गाठी, रंगकाम, जहाज धक्क्याला बांधण्याचे (मूरिंगचे) काम यांबाबत तो बराचसा खरा आहे. तिथे चूक झाली तर जुना खलाशी (एबी) ओरडेल आणि सुधारून घेईल, फक्त ताणलेल्या दोराच्या वाटेत उभे राहायचे नाही एवढे आधीच ठाऊक हवे. पण आग आणि जहाज सोडणे हे काम करता करता शिकता येत नाही. जहाजावरच्या ड्रिलमध्ये खरा धूर भरत नाहीत, आणि राफ्ट उलटवून मुलांना पाण्यात सोडत नाहीत. ती सोय फक्त शाळेत असते.

राहिला नोकरीचा प्रश्न, आणि ताई-भावोजींची काळजी तीच आहे. ती रास्त आहे. कर्ज काढून सहा महिने शिकायचे आणि मग वर्षभर घरी बसायचे, हे कुणालाच परवडत नाही. म्हणून शाळेला विचार: मागच्या दोन बॅचमधली किती मुले जहाजावर चढली, आणि कोणत्या कंपनीच्या? उत्तर लेखी माग. पण ‘हमी’ या शब्दाला भुलू नकोस. खलाशांची भरती ‘आरपीएसएल’ हा भरतीचा परवाना असलेल्या कंपन्याच करू शकतात, आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या, म्हणजे सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर असते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला २००६ च्या सागरी कामगार करारानुसार मनाई आहे, आणि तो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च तुझा. त्यापलीकडे ‘जॉइनिंग’साठी कुणी रक्कम मागितली तर तिथून उठून ये. सीडीसी हाती आले म्हणजे नोकरी ठरली, असेही समजू नकोस. आणि हजर न राहता सुरक्षा कोर्सची प्रमाणपत्रे मिळवून देतो म्हणणारा एजंट भेटला, तर तोच माणूस तुला उद्या कोणत्या जहाजावर पाठवेल याचा विचार कर. जो शिक्षणात लबाडी करतो, तो नेमणुकीत प्रामाणिक राहील असे मानायला आधार नाही.

पैशाबाबत माझे मत असे की सर्वांत महाग शाळा घ्यायची गरज नाही. फी, वसतिगृह, जेवण, गणवेश, परीक्षा, वैद्यकीय तपासणी असा पूर्ण खर्च मांडून तिन्ही शाळांची तुलना कर, आणि कोर्स अर्ध्यात सुटला तर फी परत मिळते का ते लिहून घे. पण ‘फक्त अमुक हजारात’ या आकड्यामागे तलाव आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो आकडा स्वस्त म्हणू नकोस.

फी भरण्याआधी डीजी शिपिंगमान्य डॉक्टरकडून डोळे तपासून घे. डेकवर रंगांधळेपण चालत नाही, कारण रात्री समोरचे जहाज कोणत्या दिशेला चालले आहे हे त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून ओळखायचे असते. ही अडचण सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा आज कळलेली बरी. मग डीजी शिपिंगच्या यादीत शाळा आहे का, आणि जीपी रेटिंगसाठीच मान्यता आहे का, ते बघ; मान्यता कोर्सागणिक असते, अधिकाऱ्यांच्या कोर्सची असली म्हणजे तुझ्या कोर्सची असतेच असे नाही. तपासणीत शाळेला कोणता दर्जा मिळाला तेही विचार. न्हाव्यापासून कर्जत-लोणावळ्यापर्यंत आपल्याकडे नामवंत सागरी शाळा आहेत, पण नावावरून निर्णय घेऊ नकोस.

शेवटी भावोजींना घेऊन कामाच्या दिवशी तिन्ही शाळांत जा. तलावात पाणी आहे का, राफ्ट उघडलेला आहे की डब्यातच आहे, श्वसनसंचांच्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती आहे, एका प्रशिक्षकामागे किती मुले आहेत, हे स्वतः पाहा. फाटकाबाहेर मुले भेटतील, त्यांना विचार: तू स्वतः किती वेळा उडी मारलीस? राफ्ट तू सरळ केलास की दुसऱ्याने? दाखवायला नकार देणारी शाळा यादीतून काढून टाक. तिन्ही नापास झाल्या तर ही बॅच सोड. तुला वयाची सहा वर्षे हाताशी आहेत आणि पुढची बॅच सहा महिन्यांनी निघते. तोवर इंग्रजी सुधार आणि मग चौथी शाळा बघ.

तुझा,
मामा